जुनं इंग्लिश चर्च पाहताना: आधी सांधे, मग शैली

इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च बरेचदा उघडं असतं, आत कुणी नसतं, आणि दाराजवळच्या टेबलावरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'बांधकाम बारावं ते पंधरावं शतक'. नवख्या माणसाची गाडी इथेच अडते. या चारशे वर्षांतली कुठली भिंत कधीची? मध्ययुगीन म्हणावीत अशी आठ हजारांहून जास्त पॅरिश चर्च, म्हणजे गावोगावची चर्च, त्या देशात आजही उभी आहेत आणि त्यातलं एका दमात बांधून झालेलं चर्च विरळाच. आपल्याकडच्या वाड्याला जशी एका पिढीने पडवी काढावी, दुसरीने माडी चढवावी, तिसरीने दिंडी दरवाजा हलवावा, तसंच हे आहे. त्यामुळे वय विचारायचं ते एकेका भागाचं, आणि त्याहून आधी हे पाहायचं की तो भाग शेजारच्याच्या आधीचा की नंतरचा. हा क्रम लागला की शतक ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

काय न्यावं

आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण, एक प्रखर टॉर्च, पेन्सिल आणि कोरा कागद. मोबाइलमध्ये होकायंत्र असतंच. पहिल्या चर्चला दोन तास द्या आणि रविवारची सकाळ टाळा, कारण तेव्हा प्रार्थना चालू असते. दार बंद असेल तर पोर्चमधला फलक वाचा. किल्ली कुणाकडे मिळेल ते बहुधा तिथे लिहिलेलं असतं. उन्हाळ्यातसुद्धा एक स्वेटर असू द्या. दगडी भिंतींच्या आत दोन तास उभं राहिल्यावर तो लागतो.

दिशा आणि भाग

वेदी पूर्वेला असते. हे एकदा पक्कं झालं की सगळी नावं आपोआप जागच्या जागी बसतात. पश्चिमेकडचा लांब भाग म्हणजे नेव्ह. गावकरी इथे जमत, म्हणून याला सभामंडप समजा. पूर्वेचा, बहुधा थोडा अरुंद आणि ठेंगणा भाग म्हणजे चान्सल. तिथे धर्मगुरू आणि वेदी, म्हणजे गाभाऱ्याच्या जागी तो. दोहोंच्या मध्ये चान्सलची कमान. नेव्हच्या एका किंवा दोन्ही अंगांना पडवीसारखे आइल, नेव्ह आणि आइल यांच्यामध्ये खांब-कमानींची रांग. मनोरा सहसा पश्चिम टोकाला, पोर्च सहसा दक्षिणेला. आइलच्या छपरावरून नेव्हची भिंत वर निघून तिच्यात खिडक्यांची ओळ असेल, तर ती क्लिअरस्टोरी.

नेव्ह आणि चान्सल यांची शैली इतकी वेगळी का दिसते याचं कारण पैशात आहे. चान्सलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या धन्याने करायची, नेव्हची गावकऱ्यांनी, अशी मध्ययुगात विभागणी होती. गावात लोकरीचा पैसा आला की गावकरी नेव्ह आणि मनोरा नव्याने बांधून काढत, आणि रेक्टरला हौस नसेल तर चान्सल दोनशे वर्षं जुनं तसंच राही. ही जबाबदारी जमिनीला चिकटून पुढे चालत आली. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चान्सलच्या दुरुस्तीचा खर्च आजच्या जमीनमालकांनी द्यायचा की नाही, हा वाद २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निकाल मालकांच्या विरोधात लागला.

पहिली फेरी बाहेरून

आत जायची घाई करू नका. आतल्या भिंतींवर गिलावा असतो आणि तो सगळं झाकतो. बाहेर दगड उघडे असतात. दक्षिण पोर्चपासून निघा, चर्च डाव्या हाताला ठेवा आणि पूर्ण प्रदक्षिणा घाला. (होय, ही उलटी प्रदक्षिणा झाली.) या फेरीत खिडक्यांच्या नक्षीकडे बघायचंही नाही. फक्त सांधे शोधायचे.

सगळ्यात उपयोगी पडतो तो सरळ उभा सांधा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत गुंतलेले असतात. नंतर जोडलेली भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकते आणि मध्ये वरपासून खालपर्यंत एक रेघ राहते. आता त्या रेघेच्या दोन्ही बाजू निरखून पाहा. ज्या बाजूला मोठे घडीव चिरे एकावर एक रचलेले आहेत, तो एके काळी इमारतीचा बाहेरचा कोपरा होता. म्हणजे तो भाग आधीचा. ज्या बाजूला ओबडधोबड दगड येऊन नुसते थांबलेत, तो नंतरचा. एवढ्या एका निरीक्षणावर निम्म्या चर्चचा क्रम लागतो.

दुसरी खूण मनोऱ्याच्या पूर्व अंगावर असते. नेव्हच्या आताच्या छपराच्या वर, दगडात उलट्या व्हीसारखी तिरकी रेघ दिसते का बघा. ती जुन्या छपराची. पूर्वीचं छप्पर गवताचं किंवा लाकडी फळ्यांचं असे आणि पाणी निथळायला त्याला उभा उतार लागे. पंधराव्या शतकात शिसं परवडू लागलं. शिशाचे पत्रे फार उभ्या उतारावर उन्हाने तापून हळूहळू खाली सरकतात, म्हणून ती छपरं जवळजवळ सपाट केली, भिंती उंचावल्या आणि क्लिअरस्टोरीला जागा झाली. मनोऱ्यावरच्या त्या रेघेवरून जुनं छप्पर किती उभं होतं ते थेट कळतं.

बुजवलेली दारं-खिडक्या, मध्येच बदललेला दगडाचा रंग, भिंतीवरून धावणारी आडवी पट्टी जिथे अचानक तुटते ती जागा, हे सगळं कागदावर खुणेने टिपून ठेवा.

खालचं जुनं आणि वरचं नवं, हा साधा नियम कुठवर नेतो त्याचं उत्तम उदाहरण बार्टन-अपॉन-हंबरचं सेंट पीटर्स. मनोऱ्याचा सगळ्यात वरचा टप्पा नॉर्मन काळातल्या (१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या) सुरुवातीच्या घडणीचा आणि त्याखालचे टप्पे अगदीच वेगळे. मग खालचे टप्पे नॉर्मनांच्या आधीचे, म्हणजे सॅक्सन असणार, असा तर्क थॉमस रिकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला. आज आपण वापरतो ती शैलींची नावंही १८१७ मध्ये त्यांनीच रूढ केली.

मात्र नेव्हमध्ये हाच नियम उलटतो. आइल जोडायचा तर जुनी भिंत सगळी पाडत नसत. तिच्यात टप्प्याटप्प्याने भोकं पाडून खांब आणि कमानी बसवत आणि वरची भिंत तशीच ठेवत. त्यामुळे खाली तेराव्या शतकाच्या कमानी आणि त्यांच्या डोक्यावर अकराव्या शतकाची भिंत, असं पुष्कळदा असतं. नॉर्थम्प्टनशायरमधल्या गेडिंग्टनला आइलमध्ये उभं राहून कमानींच्या वर पाहिलंत तर सॅक्सन चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरची त्रिकोणी टोकांची नक्षी दिसते. एके काळी तिच्यावर पाऊस पडत होता.

दुसरी फेरी, शैलींची

आता पुन्हा तीच फेरी, या वेळी कमानी आणि खिडक्या बघत. खाली दिलेली सालं ढोबळ धरा. मोठ्या कॅथीड्रलमध्ये आलेली पद्धत लहान गावात पोचायला एक-दोन पिढ्या लागत.

सॅक्सन, १०६६ च्या आधीचं. कोपऱ्यात एक उभा लांब दगड, एक आडवा, असा आलटून-पालटून रचाव. खिडक्या चिमुकल्या, कधी डोक्याला दोन तिरके दगड टेकवून त्रिकोणी केलेल्या. भिंती उंच पण बहुधा तीन फुटांपेक्षा कमी जाडीच्या. अर्ल्स बार्टनचा मनोरा पाहिला की ही शैली पुन्हा विसरत नाही. भिंतीवर दगडी पट्ट्या अशा लावल्यात की लाकडी चौकटीचा भास व्हावा. पण त्याच मनोऱ्याचा वरचा कठडा पंधराव्या शतकातला आहे. डरहॅम काउंटीतलं एस्कम सातव्या शतकातलं, आणि त्याचे दगड जवळच्या पडक्या रोमन किल्ल्यातून आणलेले.

नॉर्मन, साधारण ११९० पर्यंत. कमान अर्धगोल, खांब जाडजूड, भिंत तीन फुटांच्या वर. दाराच्या कमानीवर नागमोडी कोनांची नक्षी, किंवा चोचीने गोल कडी पकडून बसलेली डोकी. हेरफर्डशायरमधल्या किलपेकचं दार आणि छपराखालची कोरीव डोकी ११४० च्या आसपासची आहेत, आणि इतक्या वर्षांच्या पावसानंतरही त्यांच्या कडा धारदार आहेत.

अर्ली इंग्लिश, तेरावं शतक. कमानीला टोक आलं. खिडकी अरुंद, उंच, भाल्याच्या पात्यासारखी, म्हणून तिला लॅन्सेट म्हणतात. अशा तीन किंवा पाच एकत्र, मधली सगळ्यात उंच. खांबांच्या माथ्यावर वळलेली ताठ पानं. मुंबईत असाल तर ही शैली कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये डोळ्यांत बसवून घेता येते. ते १८५८ मधलं, म्हणजे नक्कल. पण सेंट जॉनचं हे चर्च तेराव्या शतकाच्या इंग्लिश पॅरिश चर्चच्या नमुन्यावर मन लावून बांधलेलं आहे आणि लॅन्सेट, टोकदार कमानी, पोर्च, चान्सल सगळं तिथे जागच्या जागी आहे.

डेकोरेटेड, साधारण १२९० ते १३५०. लॅन्सेट एका मोठ्या कमानीखाली आल्या आणि वरच्या भागात दगडाची जाळी आली. आधी वर्तुळं आणि तीन पाकळ्यांची फुलं, मग माशाच्या जाळ्यासारखी घरं, शेवटी ज्वाळेसारख्या वाहत्या रेषा. दुहेरी वळणाची, टोकाला आत-बाहेर लवणारी ओजी कमान याच काळातली. लिंकनशायरमधलं हेकिंग्टन यासाठी जरूर पाहावं. १३४८-४९ मध्ये प्लेगची महामारी आली आणि कित्येक ठिकाणी काम जिथल्या तिथे थांबलं. अर्धवट जाळी, मध्येच साधी झालेली नक्षी दिसली तर हे साल आठवा.

परपेंडिक्युलर, त्यानंतर १५३० च्या दशकापर्यंत. ओळखायला सगळ्यात सोपी. खिडकीतले उभे दगडी गज खालून निघतात आणि वाकडे न होता थेट कमानीला जाऊन भिडतात. कमानी चपट्या होत जातात, खिडक्या इतक्या रुंद की भिंत नावापुरती उरते. सफोकमधलं लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड, कॉट्सवोल्डमधलं नॉर्थलीच ही कापड आणि लोकरीच्या पैशाने उभी राहिलेली. लॅव्हनमचा मनोरा १४१ फूट उंच आहे.

इथे दोन ठिकाणी चूक हमखास होते. एक, खिडकीवरून भिंतीचं वय ठरवणं. खिडकी जुन्या भिंतीत नंतर बसवलेली असू शकते. तिच्या भोवतीचे दगड विस्कटलेले, लहान तुकड्यांनी भरलेले असतील तर तसंच झालंय. दोन, दारावरून ठरवणं. नॉर्मन दार लोकांना इतकं आवडे की आइल बांधताना ते दगड-दगड सुटा करून नव्या बाहेरच्या भिंतीत पुन्हा बसवत. नक्षीचे तुकडे जुळत नसतील, एखादं कोन अर्धंच कापलेलं असेल, तर ते दार हललेलं आहे.

भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकू, म्हणजे बट्रेस, इतके फसवत नाहीत. चपटे, रुंद, जेमतेम काही इंच पुढे आलेले असतील तर नॉर्मन. खोल आणि पायऱ्यापायऱ्यांनी आत जाणारे असतील तर नंतरचे. कोपऱ्यावर तिरका, ४५ अंशात बसवलेला बट्रेस दिसला तर तो सहसा चौदाव्या शतकाच्या आधीचा नसतो.

पोर्चमध्ये थांबा

दक्षिण दाराच्या चौकटीवर, साधारण डोळ्यांच्या उंचीला, दगडावर तळहाताएवढं ओरखड्यांचं चक्र शोधा. मध्यभागी बोट जाईल न जाईल असं भोक, त्यातून खाली पसरलेल्या रेघा. ही मास डायल, म्हणजे प्रार्थनेची वेळ सांगणारं सूर्यघड्याळ. भोकात काडी खोचत आणि तिची सावली रेघेवर आली की घंटा. आता वर बघा. डोक्यावर पोर्चचं छप्पर आहे आणि इथे ऊन कधीच येत नाही. म्हणजे घड्याळ कोरलं तेव्हा पोर्च नव्हतं. तेच चक्र उत्तरेच्या भिंतीत किंवा उलटं दिसलं तर तो दगड दुसरीकडून आणून लावलाय.

आत

दाराजवळच फॉन्ट, म्हणजे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. चर्चमध्ये प्रवेश बाप्तिस्म्यातून, म्हणून ते दारापाशी. पुष्कळदा चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू हीच. नवं चर्च बांधलं तरी जुनं कुंड टाकत नसत. काठावर समोरासमोर दोन खाचा, त्यात शिशाचा गोळा किंवा गंजलेल्या लोखंडाचा तुकडा दिसेल. तो कुलपाच्या कोयंड्याचा. मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरत, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावायची आज्ञा केली. नॉरफोक-सफोकमध्ये अष्टकोनी कुंडावर सात बाजूंना सात संस्कार कोरलेले दिसतात, आठवी बाजू दुसऱ्या एखाद्या प्रसंगासाठी.

मग खांबांपाशी जा. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकलात तर काहीच दिसणार नाही. आडव्या प्रकाशात प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. नॉर्मन गवंडी दगड कुऱ्हाडीने तासत, त्याचे तिरके वळ दिसतात. तेराव्या शतकापासून दातेरी छिन्नीच्या बारीक समांतर रेघा. हर्टफर्डशायरमधल्या ॲशवेलला मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय की १३५० मध्ये महामारीतून उरलेसुरले दीन लोक तेवढे साक्षीला राहिले, आणि १३६१ मध्ये प्रचंड वादळ झालं. सहा शतकांपूर्वीच्या माणसाचं अक्षर हातभर अंतरावर असतं. त्याला हात मात्र लावू नका. बोटांच्या तेलाने आणि घर्षणाने अशा रेघा पुसत जातात.

चान्सलच्या कमानीशी आलात की बाजूच्या भिंतीत उंचावर एक दार शोधा, जे कुठेच उघडत नाही. खाली कुठेतरी चिंचोळ्या जिन्याचं तोंडही सापडेल. इथे कमानीत नक्षीदार लाकडी पडदा आणि त्यावर सज्जा होता. सज्जावर क्रूसावरचा ख्रिस्त, दोन्ही बाजूंना मेरी आणि जॉन. १५४७ नंतर मूर्ती काढल्या, १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकमाने सज्जे उतरवले, जिना आणि दार तेवढं राहिलं. कमानीवर न्यायाच्या दिवसाचं चित्र असे, तेही चुन्याखाली गेलं. सफोकमधल्या वेनहॅस्टनला १८९२ मध्ये दुरुस्तीत कमानीतल्या चुना फासलेल्या फळ्या काढून बाहेर आवारात टाकल्या. रात्री पाऊस आला, चुना वाहून गेला आणि खालचं चित्र उघडं पडलं. ते आज चर्चमध्ये आहे.

चान्सलच्या दक्षिण भिंतीत, वेदीजवळ, छोटा कोनाडा असतो. तळाला वाडगा आणि त्यात भोक, म्हणजे छोटीशी मोरीच. हा पिसिना, पूजेची भांडी धुतलेलं पाणी इथून भिंतीतून थेट जमिनीत जाई. त्याच्या शेजारी दगडी आसनं, बहुधा तीन, त्यांना सेडिलिया म्हणतात. समोरच्या उत्तर भिंतीत कपाटासारखा कोनाडा. पिसिनाकडून दोन गोष्टी कळतात. आइलच्या भिंतीत तो दिसला की तिथे कधी तरी एक स्वतंत्र वेदी होती, हे नक्की. आणि तो गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल, किंवा आसनं इतकी खाली असतील की बसताच येऊ नये, तर फरशी नंतर उचललेली आहे. हे काम बहुधा व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या लोकांचं.

व्हिक्टोरियन हात ओळखणं

१८४० पासून पुढे बहुतेक चर्चची मोठी डागडुजी झाली. रंगीत नक्षीच्या टाइल्स, वेदीकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या, एकसारखी पिवळसर पाइनची बाकं, आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून उघडे केलेले दगड, ही त्यांची लक्षणं. शेवटचं सगळ्यात वाईट. मध्ययुगात आतली भिंत गिलावा करून रंगवलेली असे. खरवडताना चित्रंही गेली. याच्याच विरोधात विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. नॉर्मन दाराच्या नक्षीत एखादा दगड कोपरे झिजलेला आणि शेजारचा कालच कापल्यासारखा असेल, तर धारदार तो बदललेला. आणि चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटच्या दरजा भरलेल्या दिसल्या तर जवळून बघा: ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, दगडातून पडते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

काचेचंही असंच. मध्ययुगीन काचेचे तुकडे लहान, शिशाच्या पट्ट्या दाट, बाहेरून पृष्ठभाग खड्डे पडलेला. एकाच पांढऱ्या तुकड्यावर पिवळा रंग असेल तर तो चांदीच्या क्षारांचा, आणि ही युक्ती इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. पुऱ्याच्या पुऱ्या मध्ययुगीन खिडक्या बघायच्या तर ग्लॉस्टरशायरमधलं फेअरफर्ड, तिथे सगळ्या २८ आहेत.

छपराकडे दुर्बिणीने बघायला विसरू नका. केंब्रिजशायरमधल्या मार्च गावी दुहेरी हॅमरबीम (भिंतीतून पुढे आलेल्या आखूड तुळयांच्या दोन ओळींवर पेललेल्या) छपराच्या तुळयांवर शंभरहून जास्त लाकडी देवदूत पंख पसरून आहेत, आणि खालून नुसत्या डोळ्यांना ते चिमण्यांएवढे दिसतात.

ऐकाल पण लिहून घेऊ नका

भिंतीतलं तिरकं भोक 'कुष्ठरोग्यांची खिडकी' म्हणून दाखवतात. ते बहुतेक वेळा बाजूच्या वेदीवरून मुख्य वेदी दिसावी म्हणून केलेलं असतं. वाकून त्यातून पाहिलंत की नजर नेमकी तिथेच जाते. वाकडं चान्सल म्हणजे क्रूसावर कललेलं ख्रिस्ताचं मस्तक, असंही सांगतात. दोन भाग वेगवेगळ्या काळात आखले गेले की रेषा चुकते, इतकंच ते. पाय एकावर एक टाकून झोपलेला दगडी सरदार धर्मयुद्धावर गेला होता, याला आधार नाही. उत्तरेचं दार सैतानासाठी नव्हतं, मिरवणुकीसाठी होतं.

घरी आल्यावर त्याच दिवशी कागदावरचा नकाशा नीट काढा आणि शतकागणिक वेगळा रंग भरा: बाराव्याला काळा, तेराव्याला निळा, चौदाव्याला हिरवा, पंधराव्याला लाल, व्हिक्टोरियनला पिवळा. जिथे दोन रंग भेटतात तिथे सांधा सापडला होता का, ते टिपणाशी ताडून पाहा. नसेल सापडला, तर पुढच्या खेपेला सरळ त्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.